शेवटच्या रांगेपर्यंत

आमच्या ह्यांना साधं शिंकताही येत नाही. शिंक येणार असं वाटलं की हे आधी एक पाऊल मागे सरतात, डावा हात छातीवर ठेवतात, डोळे मिटून घेतात, आणि मग असे शिंकतात की दीक्षितपुऱ्यातली अर्धी गल्ली जागी व्हावी. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, माणसाला काही दुखणं आहे. सासूबाई म्हणाल्या, "दुखणं नाही गं सरोजिनी, नाटक आहे. होईल सवय." सवय काही झाली नाही. नव्या शेजारणीला मीही आता तेच सांगते.

ह्यांचं नाव भय्यासाहेब वझलवार. पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत जबलपूरला आले न इथलेच झाले, ही गोष्ट हे दूधवाल्यालाही ऐकवतात. नोकरी मात्र अगदी सरळसाधी. रिछाईला पाइपांचा एक कारखाना आहे, तिथलं स्टोअर सांभाळता सांभाळता केस पांढरे झाले. खरा जीव इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत. दर गणपतीत मंडळाच्या सभागृहात मराठी नाटक व्हायचं. सभागृह आगगाडीसारखं लांब, माइक एकच, तोही खरखरणारा. तालीम घ्यायला एक मास्तर होते. ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे न ओरडायचे, "वझलवार, मागच्या रांगेतल्या म्हातारीला तुमचं तोंड दिसत नाही." ह्यांनी ते वाक्य असं मनावर घेतलं की जन्मभर त्या म्हातारीसाठीच जगले. भाजीत मीठ कमी असलं तर तेही तिला कळायला पाहिजे.

मी म्हणायची, "अहो, थोडं कमी करत जा ना." त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं, "तुला नाटकातलं काय समजते?"

हे रिटायर झाले न इकडे मंडळाची नाटकंही बंद पडली. पोरांना मराठी समजते, पण तोंडातून हिंदीच येते. त्यांच्याकडून पाठ कोण करून घेईल? हे खिडकीत बसून राहायला लागले. काहून बसलात म्हटलं तर, "असाच." माझ्या नवऱ्याच्या तोंडून एका शब्दाचं उत्तर आलं की मला धडकी भरते.

तेवढ्यात इरावती आली. ही पुण्याकडची डॉक्टर, इथल्या कॉलेजात शिकवायला नवीनच आलेली, मंडळाच्या हळदीकुंकवात माझ्याशी ओळख झाली. तिचं एक काम चाललं होतं. इथलं एक विद्यापीठ, नागपूरकडचं एक न परदेशातलं एक, असे तिघं मिळून गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवायचे धडे तयार करून राहिले होते. आशा दीदी, नर्सबाया, अशांसाठी. फोनवर बघता येतील असे छोटे व्हिडिओ, सोबत दोन पानं वाचायला. तिला पेशंटचं काम करणारा कोणी हवा होता. मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं न मोकळी झाले.

तिनं घरी येऊन ह्यांना नीट समजावलं. म्हणाली, "काका, हे सगळं मुक्त असतं. कोणीही घ्यावं, आपल्या भाषेत करावं, कापावं, जोडावं, कोणाला विचारायला नको. फक्त कुठून घेतलं ते लिहायचं."

"म्हणजे तिकीट नाही," हे म्हणाले.

"तिकीट नाही."

"अन् बघणार कोण कोण?"

"ज्याला हवं तो. जगात कुठेही."

ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. इतकी लांब शेवटची रांग ह्यांना जन्मात मिळाली नव्हती.

मग सुरू झाले पेशंट. टीबीचा खोकला, साखर कमी झाल्यावरचा घाम, साप चावल्यावरची ग्लानी. घरात कधी कोणता आजार चालू आहे ते मला वेळापत्रक बघून समजायचं. पण सगळ्यांवर कडी केली ती लकव्यानं. जेवायला बसलेला माणूस, त्याला बसल्या जागी लकवा होतो, असा तो प्रसंग. ह्यांनी काय केलं? घास हातातून उडवला, तोंड थेट कानापर्यंत ओढलं, एक डोळा बंद, एक वटारलेला, हात लोंबतो आहे, लाळ गळते आहे, आणि ताटावर असे कोसळले की वरणाची वाटी कॅमेऱ्यावर गेली. कॅमेरा सांभाळणारी यशश्री, आमच्या मंडळातल्याच घरातली पोरगी, तिनं टाळी वाजवली. इरावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिन्ही विद्यापीठांतल्या डॉक्टरांनी पाहिलं, पास केलं.

तो व्हिडिओ जो निघाला तो निघालाच. तेलुगूत झाला, ओडियात झाला, नेपाळीत झाला, आफ्रिकेतल्या कुठल्याशा भाषेतही झाला. ओरडायचे हे, शब्द कोणाचे भलत्याचेच. गल्लीतली पोरं ह्यांना "लकवा दादाजी" म्हणायला लागली न हे खुशाल ओ द्यायचे. मंडळानं शाल-नारळ दिला. मला तो व्हिडिओ कधीच आवडला नाही, पण मला कोण विचारतो? आणि ह्यांना खिडकीतून उठलेलं पाहिलं होतं, म्हणून मीही गप्प राहिले.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी ओसरीवर मटार सोलत बसले होते. एक बाई दारात आली, हातात पिशवी. तीही मटारचीच. जबलपूरजवळच्याच पाटणकडून आली होती, अंजनी तिचं नाव, आपल्या गावची आशा दीदी. इरावतीनं पाटणला जे शिकवणं घेतलं त्यात ती होती, तिथूनच पत्ता मिळाला म्हणाली. ह्यांना पाहिलं न वाकून पाया पडली. हे खूश. वाटलं, आली कोणी चाहती.

ती म्हणाली, "दादाजी, एक बात पूछनी थी. मुझसे देखने में कहाँ चूक हुई, वो बता दो."

मग तिनं सांगितलं. तिच्या गावात पिठाची चक्की चालवणारे हल्के भैया म्हणून आहेत. एका सकाळी त्यांची जीभ थोडी जड झाली. घरवालीला काही बरं वाटेना, तिनं हिला बोलावलं. अंजनी गेली. तोंड जरासं एका बाजूला वाटलं. हात वर करा म्हटलं तर दोन्ही हात उचलले त्यांनी, उजवा जरा सावकाश. हिनं फोन काढला, ह्यांचा व्हिडिओ लावला न हल्के भैयाच्या शेजारी धरून पाहिला. काहीच मेळ बसेना. तोंड तितकं वाकडं नाही, लाळ नाही, माणूस बसून बोलतो आहे. तिला वाटलं, थंडी बाधली असेल. आराम करा, संध्याकाळी येते म्हणाली. संध्याकाळपर्यंत उजवा हात गेला. दवाखान्यात सांगितलं, पहिल्या काही तासांत आणलं असतं तर औषध देता आलं असतं.

"मैंने तो मिलाकर देखा था," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरंच विचारून राहिली होती. "आप एक बार करके दिखा दो, मैं ध्यान से देखूँगी."

हे उठले. सवयीनं एक पाऊल मागे सरले, तोंड ओढायला सुरुवात केली न मधेच थांबले. मग हळूच विचारलं, "कितना टेढ़ा था?"

अंजनीनं विचार केला. मग आपल्या ओठाचं टोक एका बोटानं जरासं खाली ओढलं. "बस, इतना."

ते इतकंसं होतं की ओसरीच्या दुसऱ्या टोकावरून मला आधी दिसलंही नाही.

ती गेल्यावर हे आत जाऊन पडले. खरं सांगते, मला त्या अंजनीचाच राग आला. कशाला आली ही? आजारी नसलेल्या माणसाला आजारी करून गेली. तिनं आणलेले मटार मी तसेच कोपऱ्यात ढकलून दिले. मग थोड्या वेळानं मुकाट्यानं सोलले. बिचारीनं पाटणहून बसमध्ये मांडीवर धरून आणले असणार.

ह्यांनी इरावतीला फोन लावला. "ते काढून टाक."

ती आमच्या घरीच आली. म्हणाली, "काका, आमच्या जागेवरून आत्ता काढते. पण बाकीच्यांकडे गेलं ते कसं परत आणू? लोकांच्या फोनमध्ये आहे, मेमरी कार्डात आहे, दुसऱ्या देशांत त्यावर शिकवणं चालू आहे. आपणच सांगितलं होतं ना, घ्या म्हणून?" मग ती खाली बघत म्हणाली, "चूक तुमची एकट्याची नाही. आम्ही डॉक्टरांनीच पास केलं. शिकवायचं तर ठळक दाखवावं असं आम्हालाच वाटलं. आता एकच करता येतं. बरोबर असलेला नवीन करायचा, आणि ज्यांनी ज्यांनी जुना घेतला त्यांना सांगायचं, तो टाका, हा घ्या. जोवर नवीन होत नाही तोवर जुनाच चालत राहणार."

"म्हणजे आत्ताही कोणी शिकून राहिलं असेल."



मग हे आरशासमोर बसायला लागले. थोडंसं तोंड वाकडं करायचं, एवढंच. जमेना. ओठ हलवला की भुवई वर जायची, भुवई धरून ठेवली की मान वळायची. कमी करायला गेले की काहीच नाही, अन् वाढवलं की पुन्हा कानापर्यंत. जन्मभर ज्या नवऱ्याला कमी करा म्हटलं तो माझ्यासमोर कमी करायला धडपडतो आहे, न मला त्याच्याकडे बघवत नाही. शेवटी ह्यांनी इरावतीला सांगून टाकलं, "दुसरा कोणी पाहा. माझ्यानं होत नाही. मला नाटक येते, हे काही वेगळंच आहे." आणि पुन्हा जाऊन खिडकीत बसले.

मी म्हटलं, "दुसरा मिळेपर्यंत किती दिवस जातील?"

"मग मी काय करू?"

"त्या माणसाला भेटून तर या. आरशात काय दिसते तुम्हाला? तुम्हीच दिसता."

मी हे रागाच्या भरात बोलले होते. हे उठून चप्पल घालायला लागले.

आम्ही दोघं बसनं पाटणला गेलो, तिथून अंजनी रिक्षानं घेऊन गेली. चक्की चालू होती, हल्के भैयाची घरवाली चालवत होती. ते स्वतः बाहेर खाटेवर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. ह्यांना पाहून हसले. "अरे, आप तो मोबाइलवाले लकवा हो." ह्यांनी हात जोडले.

चहा आला. हल्के भैयानं डाव्या हातानं कप उचलला. मग ह्यांनी विचारलं, "उस दिन सुबह आपको कैसा लगा था?"

"कैसा लगेगा, कुछ नहीं लगा." त्यांनी आठवून आठवून सांगितलं. पोत्याचं तोंड बांधत होते. सुतळी हातात राहीना. त्यांना सुतळीचाच राग आला. घरवालीला म्हणाले, कोणी तेल लावलं हिला? ती म्हणाली, तुम्ही असे काय बोलता? तर तिच्यावरच चिडले, की तुझे कान खराब झाले. "मैं तो बोरी बाँध रहा था, भैयाजी. लकवा-वकवा कुछ नहीं कर रहा था."

हे त्यांच्याकडे बघत राहिले. चहा तसाच थंड झाला.

निघताना घरवाली बाहेर आली. अंगभर पीठ. आमच्याशी ती तोवर एक शब्द बोलली नव्हती. ह्यांना म्हणाली, "अब सही वाला बनाओगे?"

"बनाऊँगा," हे म्हणाले. एवढंच. ना हात छातीवर, ना पाऊल मागे.

घरी आल्यावर आरसा बंद झाला. हे सुतळी घेऊन बसायचे. रद्दीची गठ्ठी बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. मी विचारलं, तालीम का? तर म्हणाले, "नाही. गठ्ठी बांधून राहिलो."

शूटिंग कॉलेजातल्या एका मोठ्या खोलीत होतं. इरावतीनं पाटणच्या काही आशा दीदींना बोलावलं होतं, पाहून सांगा म्हणून. त्या मागे भिंतीशी खुर्च्यांवर बसल्या, मीही तिथेच बसले, अंजनी माझ्याजवळ. तिच्याशी मी फार बोलले नाही. अजून थोडं मनात होतंच माझ्या. समोर टेबल, खुर्ची, रद्दी न सुतळी. हे येऊन बसले.

यशश्रीनं कॅमेरा चालू केला. "अंकल, शुरू कीजिए."

ह्यांनी मान हलवली न पेपरांच्या घड्या नीट करायला लागले. यशश्रीला म्हणाले, आज ठंड बहुत है. गठ्ठीला सुतळी गुंडाळली. सुतळी सुटली. पुन्हा गुंडाळली, पुन्हा सुटली. "किसने तेल लगाया इसमें," पुटपुटले, न सुतळी झटकली. जरा चिडलेले वाटले. मला वाटलं, धीर होत नाही आहे माणसाचा. इरावती हातातले कागद वाचत होती.

"अंकल, कैमरा चालू है. जब मन हो, शुरू कर दीजिए."

हे म्हणाले, "हाँ, बस, बाँध लूँ."

मला राहवेना. अहो, करा ना आता सुरू, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात माझ्या बाजूची खुर्ची सरकली. अंजनी उभी राहिली होती. ती तशीच चालत सुटली, दोन माणसांच्या मधून, कॅमेऱ्याच्या समोरून, न ह्यांच्या पुढ्यात उकिडवी बसली. दोन्ही हात धरले. "दादाजी, इधर देखो. दाँत दिखाओ. दोनों हाथ उठाओ." ह्यांनी उचलले. एक जरा सावकाश आला. ती वळून ओरडली, "कब से हो रहा है ये? एक सौ आठ को फोन लगाओ कोई."

खोलीत कोणी हललं नाही. इरावतीच्या हातातले कागद खाली गेले होते. इतकी वर्षं या माणसाचा चेहरा पाहिला मी, आणि आत्ता माझ्या नवऱ्याच्या ओठाचं एक टोक खाली आलं आहे ते मला दिसलं नव्हतं.

मग हे म्हणाले, अगदी स्वच्छ शब्दांत, "बेटा, ठीक हूँ मैं." आणि ओठ जागेवर आला.

अंजनी फरशीवरच बसली, पदर तोंडाला लावला न हुंदके देऊन रडायला लागली. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तूने देख लिया," हे म्हणत होते, "तूने देख लिया." मी उठून गेले न तिच्या शेजारी फरशीवर बसले. मीही रडले. लाज कसली त्यात? तिच्यावरचा माझा सगळा राग तिथेच संपला.

इरावती म्हणाली, पुन्हा एकदा घेऊ, अंजनी मधे आली आहे, यशश्रीचा आवाजही आला आहे. हे म्हणाले, "काही कापू नको. असंच जाऊ दे."

तसाच गेला. यशश्रीचं "शुरू कीजिए" ही त्यात आहे न इरावतीचं कागद वाचणंही. सुरुवातीला ह्यांनी समोर बसून सांगितलं आहे, की माझा आधीचा व्हिडिओ चुकीचा आहे, तो टाकून द्या. दुसऱ्या भाषांत करणाऱ्यांनी तेही सगळं आपापल्या भाषेत केलं. इरावती सांगते, शिकवणारे आता यशश्री दुसऱ्यांदा बोलते तिथे थांबवतात न वर्गाला विचारतात, काही दिसलं का? जुना काही पुरता मेला नाही. अधूनमधून कुठूनतरी वर येतो न ह्यांचं जेवण जात नाही त्या दिवशी.

मंडळात नवीन व्हिडिओ दाखवला. टाळ्या नाहीत, काही नाही. एक सद्गृहस्थ बाहेर पडताना म्हणाले, "भय्यासाहेब, या खेपेला तुम्ही काही केलंच नाही." ह्यांनी ते घरी येऊन मला सांगितलं न माझ्याकडे बघत राहिले, मी काय म्हणते म्हणून. मी म्हटलं, "बरोबर बोलले ते. काही केलं नाही तुम्ही." असे हसले की बस.

चार दिवसांनी अंजनीचा फोन आला. तिनं चक्कीवर जाऊन हल्के भैयाच्या घरवालीला दाखवला होता. बाईनं चक्की बंद केली, पिठाचे हात पुसले, अन् शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "ऐसई हतो." अगदी असंच होतं. आणि जाऊन चक्की चालू केली.

ह्यांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "चहा टाक थोडा."